लंडनचा रस्ता, व्हाया एफसी रोड

एफसी रोडवर चक्कर मारलीत की दोन गोष्टी हमखास दिसतात: रानडे इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडणारे होतकरू मीडियावाले आणि परदेशी पाठवणाऱ्यांच्या चकाचक पाट्या. कॉफीच्या टेबलांवर सध्या मला एकच सवाल ऐकू येतो, ‘पीआरमध्ये बाहेरचा जॉब, तोही व्हिसासकट, मिळतो का रे?’

मिळतो, पण फंडा समजून घ्या. ब्रिटनमध्ये स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीकडे सरकारी लायसन्स लागतं. जुलै २०२५ पासून पगाराची सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड झालीय. फ्रेशरला एवढं कोण देणार? १८ ते ३० वयाच्या भारतीय ग्रॅज्युएट्ससाठी मात्र यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे. लॉटरीत नंबर लागला, तर स्पॉन्सरशिवाय दोन वर्षं! दुबईत वर्क परमिट कंपनीच काढते आणि त्याचा खर्च कर्मचाऱ्याकडून घेणं बेकायदा आहे.

पुण्यातल्या रिपोर्टर्सचे फोन नंबर तिकडे कामाचे नाहीत. भारताचं मार्केट कळतं, हे विका. आणि लायसन्सवाल्या कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या साइटवर फुकट आहे. म्हणून ही माझी पुणेरी पाटी: आधी यादी पाहावी, मगच कन्सल्टंटची पायरी चढावी!