सही पालकाची

आमच्या दोन्ही घरांत आजवर कुणी फौजेत गेलेलं नाही. सासरी बँकवाले, माहेरी मास्तर. नवऱ्याच्या बदलीने लखनौला आलो आणि अकरावीतल्या लेकीने एका रात्री जेवताना जाहीर केलं, "आई, मी एनडीएचा फॉर्म भरणार." तिच्या बाबांनी आमटी वाढून घेत विचारलं, "फी किती?" माझ्या डोळ्यांसमोर मात्र एनडीएच्या खडकवासल्यापुढचं स्टेशन थेट सियाचिन होतं.

हे खूळ आलं कुठून, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. लखनौ आम्हाला चिकनकारी आणि कबाबांचं शहर म्हणून माहीत होतं. इथे राहायला आल्यावर कळलं की सेंट्रल कमांडचं मुख्यालय इथे, 11 गोरखा रायफल्सचं केंद्र इथे, आर्मी मेडिकल कोरचं केंद्रही इथेच. 2024 चं सेना दिनाचं संचलनही याच शहरात झालं. सरोजिनीनगरची सैनिक शाळा 1960 सालची, देशातली पहिली. 2018 मध्ये मुलींना प्रवेश देणारी पहिली सैनिक शाळाही तीच.

त्या शाळेला आता कॅप्टन मनोजकुमार पांडे यांचं नाव आहे. ते तिथलेच विद्यार्थी. कारगिल युद्धात खालूबारवर 3 जुलै 1999 ला ते पडले, तेव्हा वय 24. गोमतीनगरात त्यांच्या नावाचा चौक आहे. लेकीला त्यांच्या लढाईचा तपशील तोंडपाठ. मी मात्र त्यांच्याबद्दल वाचताना एकाच वाक्यापाशी अडले : 26 जानेवारी 2000 ला परमवीर चक्र स्वीकारलं ते त्यांच्या वडिलांनी.

साताऱ्याच्या आत्यांना फोन केला. वाटलं, त्या तरी पोरीला दोन शब्द सुनावतील. त्यांनी मलाच ऐकवलं. "अगं, आमच्या शेजारच्या अपशिंग्यात घरटी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात त्या गावची 46 माणसं गेली, म्हणून पुढच्यांनी जायचं थांबवलं का?" फोन ठेवला. गावाची परंपरा समजते हो, पण आमच्या घरात परंपरा सुरू करायला माझीच पोर कशाला?

मग रडत बसण्यापेक्षा वाचायला बसले. एनडीएची परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीची जाहिरात ही चीजच वेगळी. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, उमेदवार अविवाहित. गणित 300 गुण, सामान्य क्षमता 600, चुकलं की गुण कापणार. लेखी पार पडली तर एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचे, आणखी 900 गुण.

मुलींसाठी हे दार उघडलं तेच मुळी 2021 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. त्या पहिल्या परीक्षेला पावणेदोन लाखांच्या आसपास मुलींनी अर्ज केले आणि जागा होत्या 19. मे 2025 मध्ये खडकवासल्यातून 17 जणी बाहेर पडल्या. अर्ज आणि जागांचे हे आकडे वाचून मला आधी हायसं वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला. लेक नापास व्हावी म्हणून मनातल्या मनात नवस बोलणारी आई मला व्हायचं नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त सुभेदारसाहेबांना गाठलं. ते हसले. "भाभीजी, बिटिया को दौड़ने दीजिए. छाँटने का काम फ़ौज ख़ुद कर लेगी." तेव्हापासून ती पहाटे धावते आणि मी गच्चीतून बघते.

संध्याकाळी सराव असतो. एसएसबीत साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, तेवढ्यात वाक्य लिहायचं. फोनवरचं घड्याळ माझ्या हातात. एका संध्याकाळी शब्द भराभर जात होते, पेन थांबत नव्हतं. 'फिअर' आला आणि थांबलं. पंधरा सेकंद संपले, पुढचा शब्द आला, ती पुढे गेली. ओळ कोरीच राहिली. विचारावंसं वाटलं, पण घड्याळ चालू होतं.

माझी खरी झोप उडवली ती त्याच जाहिरातीतल्या एका परिच्छेदाने. अकादमीत जाण्याआधी पालकाने सही करायची असते. प्रशिक्षणात इजा झाली तर सरकारकडे भरपाई मागण्याचा हक्क आपल्याला किंवा पाल्याला नाही हे मला समजलं आहे, अशा अर्थाची. शिवाय एक बंधपत्र : स्वतःहून मधेच सोडून आलं, तर खर्च भरून द्यावा लागू शकतो. मी एवढे दिवस सीमेला घाबरत होते. पण माझ्याकडे सही मागणारा कागद सीमेबद्दल काही बोलतच नाही, तो कवायतीच्या मैदानाबद्दल बोलतो. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतलेल्या कॅडेट्सना कमिशन मिळालेलं नसल्याने माजी सैनिकाचा दर्जा नसतो. त्यांच्या परवडीची ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि मग त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय झाला. म्हणजे ही काळजी एकट्या आईच्या डोक्यातलं भूत नव्हती.

तो परिच्छेद मी लेकीला मोठ्याने वाचायला लावला. तिने वाचला, दोनदा वाचला. म्हणाली, "हे माहीत नव्हतं." मग थोड्या वेळाने, "पण तू वाचलंस म्हणजे तू विचार करते आहेस." वकिलीकडे वळवावी का, असं क्षणभर वाटून गेलं.

शेवटी तह झाला. फॉर्म ती भरेल. बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित सोडायचे नाहीत. नौदल आणि हवाई दलाला ते लागतातच आणि फौज नाही म्हणाली तरी कामाला येतात. एनडीए हुकली म्हणून आभाळ कोसळत नाही : पदवीनंतर सीडीएस आहे, एनसीसीतून थेट मुलाखत आहे, डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी आहे. आणि अकादमीत पाऊल टाकण्याआधी तो कागद आम्ही तिघं मिळून पुन्हा वाचणार.

सही करणार का, असं आत्यांनी परवा विचारलं. मी सांगितलं, ती वेळ पोरीने आणून तर दाखवावी. सध्या तिचा त्रिकोणमितीत घोळ आहे.