गोष्ट कोठून येते?

गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गावर मराठीचा तास चालू असता शेवटच्या बाकावरून एक प्रश्न आला. "सर, विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना त्या सुचतात तरी कोठून?" प्रश्न विचारणारी मुलगी एरवी फारशी बोलत नाही. आम्ही खडू खाली ठेवला, घसा खाकरला आणि उत्तराची जुळवाजुळव करू लागलो, तोच घंटा झाली. घंटेने आमची अब्रू राखली खरी, परंतु प्रश्न काही आमचा पिच्छा सोडीना. वर्गातले देणे वार्षिकाच्या पानांवर फेडण्याची शिक्षकांची जुनी रीत आहे. तीस अनुसरून हा लेख.

आमचे बालपण साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेले. वडील एका दवाखान्यात औषधे देण्याचे काम करीत. घरात पुस्तके बेताचीच. परंतु आजीपाशी शास्त्रातील गोष्टींचा मोठा साठा होता, आणि त्यांत आमची आवडती गोष्ट योनाची. माशाच्या पोटात तीन दिवस काढणारा तो माणूस आम्हांस फार जवळचा वाटे. "आजी, आत त्याला दिसत कसे असेल? श्वास कसा घेता येत असेल?" असे विचारून आम्ही तीस भंडावून सोडीत असू. आजी रागावत नसे. ती म्हणे, "बाळ, मी काही आत गेले नव्हते. तूच विचार कर." हे तीन शब्द आम्हांस मिळालेली पहिली शिष्यवृत्ती होय, असे आता वाटते.

पुढे दहाव्या वर्षी वाचनालयातून एक जीर्ण पुस्तक हाती आले. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न याच्या कादंबरीचे भा. रा. भागवतांनी केलेले ते मराठी रूप, 'पाताळलोकची अद्भुत यात्रा'. एक प्राध्यापक आणि त्यांचा पुतण्या विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडातून पृथ्वीच्या पोटात उतरतात. आम्ही जेवणखाण विसरून त्यांच्यामागे उतरलो. परंतु हाय! अखेरची काही पाने कोणा रसिकाने फाडून नेलेली. आमचे प्रवासी जमिनीखालीच अडकून पडले. दोन रात्री झोप लागली नाही. अखेरीस तिसऱ्या दिवशी आम्ही स्वतःच त्यांना यवतेश्वराच्या डोंगरातून सुखरूप बाहेर काढले व खाली साताऱ्यात आणून आजीच्या हातची भाकरी खाऊ घातली. पुष्कळ वर्षांनी पूर्ण पुस्तक वाचावयास मिळाले, तेव्हा कळले की मूळ ग्रंथात ते इटलीजवळच्या स्ट्राँबोली नावाच्या ज्वालामुखीतून बाहेर पडतात. आम्हांस अजूनही यवतेश्वरच बरा वाटतो. ते असो. पण पहिले उत्तर येथेच मिळते: जेथे पान फाटलेले असते, तेथे गोष्ट उगवते.

हे वेड आमच्या मुलखाला नवीन नाही. कऱ्हाड तालुक्यात टेंभू नावाचे गाव आहे. गोपाळ गणेश आगरकर तेथलेच, हे मुलांनी पाठ केलेलेच असते. परंतु कृष्णाजी नारायण आठल्ये यांचा जन्मही १८५३ साली त्याच गावी झाला, हे थोड्यांस ठाऊक असते. हे गृहस्थ पुढे दूर कोचीनला गेले आणि त्यांनी १८८६ साली 'केरळ कोकिळ' नावाचे मराठी मासिक सुरू केले. त्या मासिकात विसाव्या शतकाच्या आरंभी व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कथा 'चंद्रलोकची सफर' या नावाने मराठीत अवतरली. पुढे त्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा आली. मराठीतील आरंभीच्या स्वतंत्र विज्ञानकथांत तिचे नाव घेतात.

ज्या काळी कऱ्हाडाहून साताऱ्यास जाणे हाच प्रवास वाटे, त्या काळी मराठी वाचक चंद्राची तिकिटे काढून बसला होता! व्हर्नने मूळ कथा १८६५ साली लिहिली. त्याने आपले तीन प्रवासी अमेरिकेतील फ्लोरिडा प्रांतातून तोफेच्या गोळ्यात बसवून उडविले. १९६९ साली खरोखरच तिघे जण फ्लोरिडातूनच चंद्राकडे निघाले. मात्र तोफेतून नव्हे, अग्निबाणातून. कारण तोफेच्या धक्क्याने आतील माणसांचा चेंदामेंदा झाला असता. स्वप्न बरोबर, वाहन चुकीचे. आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी आपले चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा शाळेच्या सभागृहात मुलांच्या आरोळ्यांत आमचीही एक आरोळी मिसळली होती, हे आम्ही शिक्षकाची प्रतिष्ठा बाजूस ठेवून कबूल करतो.

आता शेजारच्या कोल्हापुराकडे वळू. डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म तेथे १९३८ सालचा. केंब्रिज येथे विद्या व कीर्ती संपादन करून ते स्वदेशी परतले. १९७४ साली अहमदाबाद येथील एका परिसंवादात कंटाळवाणे भाषण ऐकत बसले असता त्यांनी कागद पुढे ओढून गोष्ट लिहावयास घेतली. तीच 'कृष्णविवर'. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने धाडली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी केली की हे नाव निघते. मोठ्या नावाकडे पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत, हा हेतू. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले आणि मराठीला नारळीकर मिळाले! २० मे २०२५ रोजी ते निवर्तले, तेव्हा आमच्या घरातीलच कोणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले. विद्यार्थिमित्रहो, या हकिगतीवरून तासाला कंटाळण्याचा परवाना मिळाला असे मात्र कोणी समजू नये. कंटाळा सर्वांनाच येतो; त्यातून कथा काढण्यास आधी डोक्यात काहीतरी साठलेले असावे लागते.

त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचा पाया एका शब्दावर उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले, हा इतिहास. ती गोळी लागलीच नसती तर? या 'जर'मधून एक निराळा हिंदुस्थान उभा राहतो. 'उजव्या सोंडेचा गणपती' या त्यांच्या दुसऱ्या कथेचे बीज कागदाच्या पट्टीत आहे. लांब पट्टी घ्या, तीस एकदा अर्धा पीळ द्या आणि टोके चिकटवा. तिच्यावर पेन्सिलीने मधोमध रेघ ओढीत चला. हात न उचलता रेघ दोन्ही बाजूंनी फिरून आरंभाच्या जागी येते, कारण त्या पट्टीस दोन बाजू उरतच नाहीत. हा प्रयोग आम्ही वर्गात दरवर्षी करतो, आणि दरवर्षी आम्हांस पहिल्याइतकेच नवल वाटते.

तेव्हा दुसरे उत्तर हे, की खऱ्या गोष्टीस एक 'जर' जोडावा. एकच! बाकी सारे सृष्टिनियमांस धरून चालावे. आम्हांस हे उशिरा उमगले. तरुणपणी आम्ही तीन विज्ञानकथा लिहून एका मासिकाकडे पाठविल्या व त्या तिन्ही साभार परत आल्या. आज त्या चाळताना संपादकांची दया येते. मंगळावरील राजवाडे, शनीवरील राजकन्या आणि पानापानाला पाच 'जर'! ज्या मातीवर आम्ही वाढलो तिचा त्यांत कणही नव्हता.

आणि ती माती काय सामान्य आहे? ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने आमच्या वडिलांच्या घरातील फळीवरची भांडी खाली आली. वडील तेव्हा चौदा वर्षांचे. "भांड्यांचा आवाज थांबला, पण भीती थांबेना," असे ते सांगत. त्या परिसरात धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होतात असे शास्त्रज्ञ मानतात. त्यांचे मूळ शोधण्यासाठी कोयनेच्या परिसरात गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले, व कऱ्हाडास त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. वरचा सुमारे सव्वा किलोमीटर आपला काळा कातळ, त्याखाली त्याहून कितीतरी पुरातन ग्रॅनाइट. आमच्या लहानपणच्या पाताळलोकाचा दरवाजा आमच्याच जिल्ह्यात निघाला! मात्र पृथ्वीच्या पृष्ठापासून मध्यापर्यंतचे अंतर सुमारे ६३७० किलोमीटर आहे. पृथ्वी हा आंबा मानला, तर अजून त्याची सालही पुरती भेदलेली नाही. आत काय आहे याविषयी गोष्टी रचावयास भरपूर जागा शिल्लक आहे.

आता जे सांगावयाचे, ते सांगताना लेखणी अडखळते.

नोकरीनिमित्त आम्ही कृष्णेच्या काठाने खाली सरकत सांगलीस आलो. ऑगस्ट २०१९मध्ये त्याच कृष्णेने आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ५७ फूट ओलांडले. पाणी ओसरल्यावर शाळा भरली, तेव्हा आम्ही नववीला 'मी पाहिलेला महापूर' हा निबंध घातला. एका मुलाने पुराचे वर्णन केलेच नाही. हरिपुरास हळद साठविण्यासाठी जमिनीत खणलेली पेवे असत, हे सांगलीकरांस सांगणे नको. त्या मुलाने लिहिले होते की एक पेव पुराच्या गाळाखाली गाडले गेले, आणि दोनशे वर्षांनी कोणा माणसांस ते सापडले. त्या काळी कृष्णा आटलेली होती. आमच्या काळची हवा कशी होती, नदीचा वास कसा होता, हे जाणण्यासाठी त्या माणसांनी पेवाचे तोंड उघडले. कारण आतली हवा आमच्या काळची होती. वही येथे संपली होती.

आम्ही तांबड्या शाईने लिहिले, "निबंध विषयास सोडून आहे. कल्पनेचे मनोरे नकोत." आणि दहांपैकी तीन गुण दिले. जन्मभर विज्ञानकथा उराशी बाळगणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले! मुलाने वही घेतली, वाचली व पुन्हा टेबलावर ठेवून दिली. त्यानंतर वर्षभर त्याने पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक वाक्यही लिहिले नाही.

पुढे आम्ही कोठेसे वाचले, की अंटार्क्टिकाच्या हिमात अडकलेल्या बुडबुड्यांतून शास्त्रज्ञ आठ लक्ष वर्षांपूर्वीची हवा काढतात व तिची परीक्षा करतात. वाचता वाचता पुस्तक हातातून खाली आले. शास्त्रज्ञांनी हिमात शोधले, ते त्या मुलाने हरिपुरच्या मातीत कल्पिले होते. आम्ही त्याची चौकशी केली. त्याचे आजोबा पेवांवर हमाली करीत. त्यांचे घर त्या पुरात गेले होते, आणि दहावीनंतर ते कुटुंब परगावी गेले होते. ज्याचे घर वाहून गेले त्याने आपल्या परीने महापुराचाच निबंध लिहिला होता. आम्हांस तो वाचता आला नाही, इतकेच.

आम्ही त्याचा पत्ता मिळवून क्षमेचे पत्र लिहिले. विद्यार्थ्याची क्षमा मागावी काय, असा विचार मनात आला नाही असे नाही. परंतु दर रविवारी जी प्रार्थना आम्ही म्हणतो, तीत क्षमा मागण्यास वयाची अट घातलेली नाही. महिन्याभराने उत्तर आले. तो यंत्रदुरुस्तीचे काम शिकत होता. राग असल्याचे त्याने लिहिले नव्हते, आणि नसल्याचेही नाही. शेवटी एवढेच होते, "सर, पेव उघडल्यावर आत आधी पेटता कंदील सोडतात. विझला तर माणूस उतरत नाही. माझ्या गोष्टीत कंदील विझतो की नाही, ते मला ठरवता आले नव्हते, म्हणून मी थांबलो होतो."

मुली, तुझ्या प्रश्नाचे तिसरे उत्तर त्या पत्रात आहे. गोष्ट येते ती आपल्या आजोबांच्या कामातून, आपल्या गावच्या मातीतून आणि आपण जे गमावले त्यातून. चंद्र-मंगळ नंतर. पालकमंडळींस आमची एवढीच विनंती, की मुलाने "असे झाले तर?" म्हणून विचारले असता "अभ्यास कर" हे उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो अभ्यासच करीत असतो. हे आम्ही दुसऱ्यांस शिकविण्याच्या आवेशाने म्हणत नाही. चुकलेल्या माणसाच्या अनुभवाने म्हणतो.

ती वही आमच्या कपाटात आहे. तांबड्या शाईतील शेरा आम्ही खोडला नाही, त्याखाली निळ्या शाईने लिहिले आहे, "पुढे लिही." त्या मुलाकडून गोष्टीचा शेवट अद्याप आलेला नाही. तोवर नववीच्या वर्गाने विचार करावा: दोनशे वर्षे बंद असलेल्या पेवात कंदील सोडला, तर तो विझेल काय, आणि का? ज्यास सुचेल त्याने आम्हांस मधल्या सुट्टीत येऊन सांगावे. तांबडी शाई आम्ही घरी ठेवून येऊ.