भिंग आणि अंतर

दूरचा पक्षी जवळ आणून दाखवणारे भिंग हाती आले की पक्ष्याजवळ जाण्याचे कारण उरत नाही, असे नवशिक्या छायाचित्रकाराला वाटते. पण पहिले काही महिने तो पूर्वीपेक्षा जास्त चालतो, जास्त पुढे सरकतो, आणि घरी येऊन पाहतो तेव्हा कॅमेऱ्यात बहुतेक पाठमोरे, उडून चाललेले पक्षी सापडतात. लांब भिंग काय देते आणि काय देत नाही, हे शिकायला वसईचा पश्चिम पट्टा चांगली शाळा आहे. सकाळी तिथल्या होळी या ठिकाणाहून निघणाऱ्याला केळीच्या वाड्या आणि त्यांतली बावखले, किल्ल्यातली झाडी आणि भुईगावचा किनारा अशा तीन तऱ्हेच्या जागा एकाच फेरीत गाठता येतात, आणि प्रत्येक जागा भिंगाची वेगळी मर्यादा दाखवून देते.

भिंगाची ताकद ज्या मापाने मोजतात त्याला मराठीत नाभीय अंतर म्हणतात. दूरच्या वस्तूकडून आलेले किरण भिंगातून जाऊन ज्या बिंदूत एकत्र येतात तो बिंदू भिंगाच्या मध्यापासून किती लांब आहे, याचे हे माप. ते जितके मोठे, तितकी प्रतिमा मोठी आणि दृश्याचा कोन अरुंद. साध्या भिंगाने लांब नाभीय अंतर साधायचे असते, तर नळीही तितकीच लांब करावी लागली असती. पण पुढच्या बाजूला किरण एकवटणारा आणि मागच्या बाजूला त्यांना थोडे फाकवणारा भिंगांचा गट बसवला की नळी आखूड राहते. या रचनेला टेलीफोटो म्हणतात आणि लंडनच्या थॉमस डालमेयर यांनी १८९१ मध्ये तिचे पेटंट घेतले. ३६ मिलिमीटर रुंदीचा संवेदक, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, असलेल्या कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर आडवे दृश्य जेमतेम ५ अंशांचे उरते. हात पुढे ताणून तीन बोटे जुळवून धरली असता जेवढे आकाश त्यांच्याआड जाते, साधारण तेवढेच. किल्ल्यातल्या झाडीत डोळ्याने सहज दिसणारा पक्षी भिंगातून शोधताना नवशिका आधी पान, मग फांदी, मग पुन्हा पान असा भटकत राहतो, याचे कारण हे तीन बोटांचे आकाश आहे.

बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहानसे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, आसपासच्या विहिरींना झरे फुटत, राहाटाने वाडी शिंपली जाई, आणि खाऱ्या हवेच्या या पट्ट्यात गोडे पाणी टिकून राही. बुजवलेल्या बावखलाबरोबर हे सगळे तर जातेच, पण पाण्यावर ओणवलेली फांदीही जाते आणि फांदीवरचा खंड्याही जातो. हा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २८ सेंटिमीटर भरतो. तो २० मीटरवर बसला असेल, तर ४०० मिलिमीटरच्या भिंगातून त्याची प्रतिमा साडेपाच मिलिमीटरच्या आसपास पडते, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा सहावा भागही भरत नाही; तोच १० मीटरवर असेल, तर प्रतिमा दुप्पट होऊन चौकटीचा जवळजवळ तिसरा भाग व्यापते. दुप्पट प्रतिमेसाठी दुप्पट नाभीय अंतराचे भिंग घ्यावे, तर त्याची किंमत कैक पटींनी चढते; मध्ये दुपटीचा गुणक, म्हणजे प्रतिमा वाढवणारे जोडभिंग, बसवावे, तर प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. हिशोब असा की पैशाने विकत मिळणारे अंतर फार महाग पडते, आणि उरलेले अंतर पक्ष्याच्या मर्जीवर अवलंबून असते.

बावखलाच्याच काठावर दुसरा धडा देणारा पक्षी म्हणजे ढोकरी, ज्याला वंचक असेही सार्थ नाव आहे. गढूळ तपकिरी पाठ आणि रेघारेघांची मान घेऊन तो चिखलाशी इतका एकजीव होऊन उभा असतो की अरुंद चौकटीत असूनही दिसत नाही, आणि उडताक्षणी त्याचे शुभ्र पंख उघडतात. कॅमेरा समोरच्या काळसर चिखलावरून प्रकाशाचा अंदाज बांधून चित्र उजळ करायला निघालेला असतो, त्यामुळे अचानक आलेला पांढरा रंग जळतो, म्हणजे पिसांमधले सारे बारकावे नाहीसे होऊन नुसता कोरा डाग उरतो. उडणारा पक्षी स्थिर टिपायचा तर प्रकाशाची झडप सेकंदाच्या सुमारे २०००व्या भागात उघडून मिटावी लागते. भिंगातले कंपनरोधक हाताचा थरकाप सावरते, पंखांची गती सावरत नाही. त्यातच १० मीटरवर, भिंगाचे छिद्र एफ ५.६ इतके उघडे असताना, रेखीव दिसणारी खोली जेमतेम वीतभर असते, म्हणून समोरून टिपलेल्या पक्ष्याचा डोळा लख्ख आला तरी शेपटी धूसर होते. ढोकरीचे शुभ्र पंख साधायचे, तर ती उडण्याआधीच तिच्या पांढऱ्या रंगाचा हिशोब मनात मांडून प्रकाश कमी करून ठेवावा लागतो. थोडक्यात, पक्षी काय करणार आहे हे माहीत असावे लागते.

ही माहिती भिंगावर अवलंबून नाही. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी बैलाचे पोकळ सोंग तयार करून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह बसण्याची युक्ती काढली होती. वसईच्या दक्षिणेला, कोकणकिनाऱ्यावरच्याच किहीम येथे सालिम अली यांनी १९३० मध्ये सुगरणींचे निरीक्षण केले, ते घरट्यांसमोर शिडीवर आडोसा उभारून तासन्‌तास बसून. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी येऊन ते पसंत करते आणि मगच ते पुरे होते, हा क्रम त्यांच्या हाती लागला तो या बैठकीमुळे. आडोशामागचा माणूस पक्ष्याजवळ असूनही त्याच्या दृष्टीने तेथे नसतो. आजचा नवशिका आडोशाच्या जागी भिंग आणतो खरा, पण आडोशाने अंगी बाणणारा स्वस्थपणा भिंगाबरोबर खोक्यातून येत नाही, तो वेगळा कमवावा लागतो. घरट्यापाशी गर्दी करणे किंवा ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्ष्याला बाहेर काढणे हे त्या कमाईतले आडमार्ग आहेत, आणि त्यांची किंमत पिल्ले मोजतात.

स्वस्थ बसण्याचे फळ सर्वांत स्पष्ट दिसते ते भुईगावच्या किनाऱ्यावर. हा किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळी समुद्राकडे तोंड केले की सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्याचा रंग उजळतो, तर संध्याकाळी तोच पक्षी काळ्या आकृतीसारखा उमटतो. उन्हे चढली की तापलेल्या वाळूवरची हवा थरथरू लागते आणि उत्तम भिंगातूनही दूरचा पक्षी पाण्याखालून पाहिल्यासारखा वितळलेला दिसतो. ओहोटीला चिखल्या आणि तुतवार दूरवरच्या ओल्या पुळणीवर विखुरलेले असतात, आणि त्यांच्यामागे चालत जाणाऱ्यापुढे ते तितकेच पुढे सरकत राहतात. भरती मात्र त्यांना काठाकडे लोटते. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट करावी: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता पाणी साधारण पूर्ण चढते. म्हणजे एकादशी-द्वादशीच्या सकाळी कोवळे ऊन आणि चढते पाणी यांचा मेळ बसतो, आणि ज्याने पंचांग पाहून, वाळूवर बसकण मारून, भिंग गुडघ्यावर टेकवून वाट पाहिली, त्याच्याकडे ४० मीटरवरचे पक्षी आपणहून २० मीटरवर येतात. मधली वाट भिंगाने कापलेली नसते, समुद्राने कापलेली असते.

मराठीत अंतर देणे म्हणजे एखाद्याला वाऱ्यावर सोडणे. पक्ष्याच्या बाबतीत या शब्दांचा अर्थ उलटतो. ज्याला अंतर मिळते तोच पक्षी थांबतो, चरतो, पिसे साफ करतो. सुरुवातीच्या महिन्यांतल्या पाठमोऱ्या चित्रांनंतर कधीतरी नवशिक्याच्या कॅमेऱ्यात एका पायावर उभा राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला चिखल्या येतो. ना झेप, ना मासा, पंखांची उघडझापही नाही. स्पर्धेत असल्या चित्राकडे कोणी फारसे पाहणार नाही. पण २० मीटरवर एक माणूस बसला आहे हे ठाऊक असूनही त्या पक्ष्याने डोळा मिटला, एवढी गोष्ट त्यात टिपलेली असते.