चावी की गाडी?

डिसेंबरातली गोष्ट. फजरची नमाज पढून मी घरी आलो तेव्हा अम्मी शाल गुंडाळून ओसरीवर तयार बसली होती. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागतं. घाटंजीहून तासाभराचा रस्ता, आणि त्या दिवसांत कापसाचे ट्रॅक्टर पुढे लागले की आणखी उशीर. साडेसातला तिची पाळी असते. पाळी चुकली की मशीन दुसऱ्या पेशंटला, आणि अम्मीच्या पायांवरची सूज आणखी एक दिवस तशीच.

मी गाडीजवळ गेलो, रिमोटचं बटन दाबलं. काहीच नाही. इंडिकेटर लुकलुकले नाहीत, दाराचा 'खट्' आवाज नाही. जवळ जाऊन दाबलं, काचेला टेकवून दाबलं, अंगठा दुखेपर्यंत दाबलं.

दोनच दिवसांपूर्वी धाकट्याच्या हातून हीच चावी पाण्याच्या बादलीत पडली होती. झालं! मला गुन्हेगार सापडला. पोरगं गोधडी पांघरून दारात उभं होतं. मी त्याला नको ते बोललो. "तुझ्यामुळे दादीची पाळी जाणार," असंही बोलून गेलो. तो रडला नाही, नुसता दादीकडे बघत राहिला.

अम्मी मात्र शांत होती. म्हणाली, "कित्ता दबाएगा? दूसरी चाबी ला ना."

घरात दुसरी चावी आहे हे मला रागात आठवलंच नव्हतं. बायकोने कपाटातून ती आणली. तीही चालेना. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. दोन्ही चाव्या एकाच रात्री मरायच्या नाहीत. म्हणजे दोष चावीत नाही, गाडीत आहे. खरं तर पहिल्या चावीवरचा लाल दिवा प्रत्येक वेळी लुकलुकत होता, म्हणजे तिच्यातला सेल जिवंत होता. पण मला ते बघायचंच नव्हतं.

रिमोटच्या कडेला एक छोटी कळ असते. ती सरकवली की आतून साधी धातूची चावी निघते. एवढ्या वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. ड्रायव्हरच्या दारात ती घालून फिरवली, जरा अडली, मग दार उघडलं. आत अंधार. आतला दिवा लागला नाही, हॉर्न वाजला नाही. छताला हात लावला तर दिव्याचं बटन 'चालू'वर होतं. आदल्या रात्री अम्मीचे तपासणीचे कागद शोधताना मीच तो दिवा लावला होता आणि तसाच ठेवून झोपलो होतो. चार वर्षांची जुनी बॅटरी, त्यात थंडी. रात्रभरात ती पार उतरली. गाडीलाच वीज नाही तर रिमोटचं ऐकणार कोण?

समोरच्या घरातले काका आवाज ऐकून बाहेर आले. "काय झालं रे बाबू?" सांगितल्याबरोबर त्यांनी आपली पिकअप आणून लावली. जम्पर केबल त्यांच्याकडेच होती. लाल वायर आधी आमच्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक आमच्या इंजिनाच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. पाच मिनिटं त्यांचं इंजिन चालू ठेवलं आणि आमची गाडी सुरू झाली. आम्ही पाळीला अगदी काठावर पोचलो. अम्मी चार तास मशीनवर होती, तेवढ्यात मी नवीन बॅटरी बसवून घेतली.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आधी दुसरी चावी वापरून बघा. ती चालली तर पहिलीचा सेल गेला असं समजा. पुष्कळ रिमोटमध्ये सीआर २०३२ हा सेल असतो : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा. तरी जुना काढून त्यावरचा नंबर बघूनच नवा घ्या. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका आतून जाळतो. बटनाने सुरू होणारी गाडी असेल आणि सेल संपला असेल, तर चावीच सुरू करायच्या बटनाजवळ धरा. पुष्कळ गाड्यांत चावीतल्या छोट्या चिपला गाडीकडूनच वीज मिळते. दाराला चावीचं भोक दिसत नसेल तर हँडलजवळचं झाकण बघा, त्याखाली ते लपवलेलं असतं. आणि दोन्ही चाव्या चालत नसतील, आतला दिवाही लागत नसेल, तर चावीला दोष देऊ नका.

रिमोट दर वेळी नवा सांकेतिक आकडा पाठवतो, म्हणजे चोराने एकदा पकडलेला आकडा पुन्हा चालत नाही. गाडीपासून लांब असताना बटन फार वेळा दाबलं गेलं, म्हणजे पोरांनी खेळणं केलं, तर चावी आणि गाडीची मोजणी जुळेनाशी होते. मग गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ती पुन्हा जुळवावी लागते. थोडक्यात, एकाच लक्षणामागे चार कारणं असू शकतात. मी त्यातलं तपासलं एकही नव्हतं. जे सोयीचं होतं ते धरलं. सोयीचं याच्यासाठी की त्यात माझी चूक नव्हती.

दुपारी घरी आलो. पोरगं शाळेतून आलं तेव्हा मी त्याला गाडीत बसवलं, छतावरच्या दिव्याचं बटन दाखवलं आणि सांगितलं, की हे मी चालू ठेवलं होतं, तुझी चावी चांगली आहे. सकाळी बोललो ते चुकीचं बोललो, बेटा. बापाला हे वाक्य सोपं जात नाही. त्याने ते बटन दोनदा चालू-बंद करून पाहिलं. मग विचारलं, "दादीची पाळी गेली नाही ना?"

"नाही गेली," मी म्हटलं.

आता रात्री गाडी लावली की छताकडे एकदा बघण्याचं काम त्याच्याकडे आहे. ते तो माझ्यापेक्षा नीट करतो.