पान १२०७

आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, खेडच्या कोर्टात वकिली करत. त्यांच्या बैठकीची एक अख्खी भिंत ‘एआयआर’च्या खंडांनी भरलेली होती. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ निघायचा नागपूरहून. अंक टपालाने यायचे, वर्ष सरलं की बाइंडरकडे जायचे आणि जाड खंड होऊन परत यायचे. दिल्लीच्या न्यायालयाने काय निकाल दिला, ते रेडिओ दोन वाक्यांत सांगे. का दिला, हे समजायला मात्र अण्णा नागपूरच्या टपालाची वाट बघत. पक्षकार विचारायचे, “वकीलसाहेब, बरोबर झालं का हे?” अण्णा म्हणायचे, “आधी वाचू द्या.”

२८ एप्रिल १९७६ चा दिवस मला आठवतो, कारण त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना कोर्टात दाद मागता येते, असं नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ते फिरवलं. त्या चौघांत यशवंतराव चंद्रचूड होते. चंद्रचूड मूळचे कनेरसरचे, आमच्या खेड तालुक्यातले. गावाला केवढा अभिमान होता त्यांचा!

अण्णांच्या मते या निकालाचं मूळ १९७३ मध्ये होतं. केशवानंद भारती खटल्यात नानी पालखीवाला लढले, १३ न्यायमूर्तींपैकी सात जणांनी घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येणार नाही असं ठरवलं, आणि लगेच सरकारने तिघा ज्येष्ठांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं. “तेव्हा दिलेला धाक आता फळला,” अण्णा म्हणायचे. १९७६ च्या त्या पीठावर पाचवे होते हंसराज खन्ना. एकटे विरोधात गेले. पुढच्याच जानेवारीत त्यांनाही डावललं, त्यांनी राजीनामा दिला.

म्हणून तो काळ चांगला होता असं मी कधीच म्हणणार नाही. मला आठवण येते ती अण्णांच्या वाचण्याची. न पटलेला निकालही ते पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून वाचत. चंद्रचूडांचं मत त्यांनी किती वेळा वाचलं असेल! रागावण्याआधी त्या माणसाचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायचं, ही त्यांची रीत.

१९९३ नंतर न्यायाधीशांच्या नेमणुकांची सूत्रं न्यायमूर्तींच्याच हाती गेली. २०१५ मध्ये संसदेचा नवा नेमणूक आयोगही न्यायालयाने रद्द केला. तरी ओढाताण संपलेली नाही. शिफारस केलेली नावं सरकारकडे अडून राहतात.

२०२३ मध्ये शिवसेनेच्या फुटीची सुनावणी आम्ही एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मोबाइलवर बघितली. घटनापीठाच्या मधोमध कनेरसरच्याच घराण्यातले धनंजय चंद्रचूड. अण्णांना हे बघायला मिळायला हवं होतं, असं फार वाटलं. ११ मेला निकाल आला. बहुमत चाचणी घ्यायला सांगणारे राज्यपाल चुकले. पण ठाकऱ्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने त्यांचं सरकार परत आणता येत नाही, आणि आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांनी घ्यावा. असा गुंतागुंतीचा निकाल, पण टपरीवर प्रश्न एकच: “आपल्या बाजूने का त्यांच्या?” निकालपत्र तासाभरात सगळ्यांच्या फोनवर आलं. उघडलं कुणीच नाही. मीही त्या दिवशी नाही उघडलं, आणि त्याची मला खंत आहे.

अण्णांचे बहुतेक खंड आम्ही देऊन टाकले. १९७६ चा ठेवलाय. १२०७ व्या पानावर तो स्थानबद्धांचा खटला सुरू होतो. खन्नांच्या मताच्या समासात पेन्सिलच्या रेघा अजून दिसतात. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मान्य केला. त्यात धनंजय चंद्रचूडांनी आपल्या वडिलांसह त्या चौघांच्या निकालात गंभीर दोष असल्याचं स्पष्ट लिहिलं. तो परिच्छेद मी छापून आणला, आणि यशवंतरावांचं मत जिथे सुरू होतं त्या पानात घडी घालून ठेवला.