तात्यांचे बारा फोटो

छंद पैसेवाल्यांनी करावेत, असे आमच्याकडे म्हणतात. माझे थोरले चुलते, तात्या, एस. टी.त कंडक्टर होते. घरची दोन एकर जिराईत, खाणारी तोंडे नऊ. आणि तरीही त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला. 'नाद' हा शब्द आमच्या सातारी बोलीत कौतुकानेही वापरतात आणि शिवीसारखाही. तात्यांच्या वाट्याला तो बहुधा दुसऱ्या अर्थानेच आला.

१९८६ साली त्यांनी साताऱ्यातल्या एका स्टुडिओवाल्याकडून जुना याशिका घेतला. पेटीसारखा, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचे, खालच्या भिंगातून फोटो निघायचा. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचे. काचेत चित्र सुलटे दिसते, पण डाव्याचे उजवे होते. समोरची बैलगाडी उजवीकडे निघाली, की काचेतली डावीकडे जाते. तात्या म्हणतात, "आदी समोरच्या माणसाला मान लववायची, मग फोटू. आता समदी तोंडाफुडं मोबाईल धरत्यात, आरसा दावल्यागत."

एका रोलमध्ये फोटो बारा. रोलचे पैसे, धुण्याचे पैसे, कॉपीचे पैसे. त्यामुळे एक रोल संपायला दोन-दोन महिने लागत. (खंडाळा म्हटले, की लोकांना लोणावळ्याजवळचे धबधबे आठवतात. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. इथे धबधब्यापेक्षा टँकरची वाट जास्त पाहिली आहे.) तर एका सुट्टीत तात्या कॅमेरा घेऊन घाटात गेले आणि दिवे लागल्यावर परत आले. एकही फोटो काढला नव्हता. "मनाजोगता उजेड पडला न्हाय," म्हणाले. आजी चुलीपुढून म्हणाली, "तू तरी लई उजेड पाडलास!" हे वाक्य आमच्या घरात अजून चालते. माझा बारावीचा निकाल लागला तेव्हाही कुणीतरी ते म्हणालेच.

पुढे रोल मिळेनासे झाले. भिंगात बुरशी धरली. कॅमेरा ट्रंकेत गेला आणि तात्यांचा नाद सुटला, असे सगळ्यांनी गृहीत धरले.

२०२० च्या टाळेबंदीत माझी शाळा मोबाईलवर भरू लागली. त्यासाठी, दोन शेळ्या विकून, घरात पहिला स्मार्टफोन आला. कॉलेजपर्यंत पोचलेली घरातली मी पहिली. त्या पोचण्यात या फोनचा आणि शेळ्यांचा वाटा आहे. तास संपला, की तात्या तो मागून घेत, उलटापालटा करून बघत आणि म्हणत, "हेला काय कॅमेरा म्हनायचं? नखाएवढी काच!" त्यांचे खोटे नव्हते. याशिकाच्या फिल्मवर सहा सेंटिमीटर लांब-रुंद चित्र उमटायचे. आमच्या फोनमध्ये उजेड टिपणारा तुकडा खरोखरच करंगळीच्या नखाएवढा. उजेड कमी मिळतो, म्हणून फोन एकदा दाबल्यावर आपल्याला न सांगता अनेक फोटो घेतो आणि त्यांचा मिळून एक करतो. मागचे धूसर दिसते तेही पुष्कळदा भिंगाने नव्हे, हिशेबाने केलेले असते. हिशेब चुकला, की चष्म्याची काडी किंवा उडालेले केस मागच्या झाडात विरघळतात. हे कळल्यावर तात्या कंडक्टरच्या सुरात म्हणाले, "म्हंजे तिकिटात घोळ हाय." पण फोन मागायचे त्यांनी सोडले नाही.

तीन जानेवारीला आम्ही दरवर्षी नायगावला जातो. सावित्रीबाई फुल्यांचे हे जन्मगाव आमच्याच तालुक्यातले. तिथे दर हातात एक मोबाईल असतो. दोन वर्षांपूर्वी गर्दीतून बाहेर आल्यावर मी तात्यांना सांगितले, की सावित्रीबाईंचा जन्म १८३१ चा आणि पॅरिसमध्ये दागेरची फोटोची रीत जगापुढे आली १८३९ साली. लहानपणीचा त्यांचा फोटो असणे शक्यच नव्हते. तात्या थोडा वेळ गप्प चालले. मग म्हणाले, "आन् तिच्या आयचा तरी कुठला आसनार. लक्ष्मीबाई, एवढं नाव ऱ्हायलं. तोंड कसं आसंल?" त्या दिवसापासून ते आजीच्या मागे लागले.

आजीचा याशिकाने काढलेला एकच फोटो आहे. त्यात ती परेडला उभी राहिल्यासारखी दिसते, ओठ घट्ट मिटलेले. दुसरा फोटो आधार कार्डावरचा. त्याबद्दल न बोललेले बरे. फोटोने आयुष्य कमी होते, असे तिला वाटायचे. आता पंच्याऐंशी उलटल्यावर ती भीती कशाला ठेवील?

फेब्रुवारीत ज्वारी घरात आली होती. सकाळी आजी दारात बसून सुपाने पाखडत होती. उन्हाच्या तिरिपेत फोल उडत होते. तात्यांनी तिला तिच्या माहेरच्या बैलाची गोष्ट काढायला लावली. हा बैल एकदा वरातीतून नवऱ्या मुलासकट पळाला होता. तिथे ती हसणार, हे त्यांना ठाऊक होते. फोटो निघाला. बघतो तर बाई गोरीपान, गाल गुळगुळीत, आणि कपाळावरचे गोंदण गायब!

"ही कोन?" तात्यांनी विचारले.

मी शोधून काढले. चेहरा सुंदर करण्याची सोय फोनमध्ये आधीपासूनच चालू होती. काळ्या रंगाला आणि सुरकुत्यांना डाग समजणारी ही अक्कल फोनला कुणी शिकवली कोण जाणे. आमच्या आजीने तर गोरे करून मागितले नव्हते. मी सगळे आकडे शून्यावर आणले.

दुसऱ्या दिवशी तेच सूप, तोच बैल. तात्या बोटांवर मोजत होते. मी म्हणाले, "तात्या, जागा आहे, शंभर काढा की." ते म्हणाले, "शंभर काडाया लागलो तर आयकडं कवा बगू?" बारा झाल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. नववा चांगला आला होता. गोंदण, सुरकुत्या, पडलेला दात, भुवईला चिकटलेले ज्वारीचे फोल, सगळे जिथल्या तिथे.

तात्यांनी लोणंदला जाऊन त्याची मोठी कॉपी काढून आणली. आजीने ती दोन्ही हातांनी लांब धरली, मग जवळ घेतली. "ही तर माजी आय," ती म्हणाली. तिची आई ती अकरा वर्षांची असताना गेली. तिचा फोटो कुणी काढलेलाच नव्हता. आजी बराच वेळ त्या कागदाशी काहीतरी पुटपुटत होती. आम्ही कुणी विचारले नाही.

तात्या खिळा आणि हातोडी घेऊन आले तेव्हा मात्र ती भानावर आली. "भितीवर नगं," ती म्हणाली, "आजून हाय मी." आणि फोटो पदराखाली घेऊन आपल्या ट्रंकेकडे गेली.