फोटो धुण्याचं सामान

लाल दिवा. दुकानात मिळणारा लाल झीरोचा बल्ब बहुतेकांना पुरेसा वाटायचा, पण तो पारखून घ्यावा लागे. अंधारात ब्रोमाइड पेपरच्या तुकड्यावर नाणं ठेवायचं, दिवा लावून पाच मिनिटं थांबायचं आणि तुकडा डेव्हलपरमध्ये टाकायचा. नाण्याची गोल खूण उमटली तर बल्ब बाद. ब्रोमाइड पेपरला लाल उजेड दिसत नाही हे खरं, पण स्वस्त बल्बच्या रंगातून बाकीचा उजेडही झिरपतो. फिल्मला मात्र लालही चालत नाही. ती मिट्ट काळोखात, बोटांनी चाचपत टँकच्या रिळात भरायची. आता लाल झीरोचा बल्ब देव्हाऱ्यासाठी घेतात, आणि तोही बहुतेक एलईडी असतो.

क्लिक थ्री. आगफाचा डबा कॅमेरा, बडोद्यात बनायचा. एकशेवीसचा रोल, बारा चौकोनी फोटो. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत चावी फिरवायची. शटरचा वेग निवडायची सोय नाही. ऊन आहे की ढग, एवढं ठरवलं की झालं. कल्याणजवळच्या शहाड, आंबिवली, मोहने, टिटवाळा या पट्ट्यात बारशाचे, मुंजीचे, सत्यनारायणाचे कितीतरी फोटो या डब्याने काढलेले आहेत. पोरांना फोटोग्राफी शिकवायला मला आजही याहून चांगला कॅमेरा दिसत नाही. बाराच फोटो आहेत म्हटल्यावर माणूस आधी बघतो.

इंदू. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची कृष्णधवल फिल्म. सरकारी कंपनी, स्थापना १९६० ची, उत्पादन १९६७ पासून. एक्स-रे फिल्मही तिथेच बनायची. १९९६ मध्ये ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली, त्यानंतर सावरली नाही. आपल्या देशात फिल्म तयार होत होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना नवल वाटतं.

ओर्वो. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनची. त्या देशाशी भारताचा व्यापार रुपयांत चालायचा, म्हणून परकीय चलनाच्या टंचाईतही ती मिळायची. शंभर फुटांचा डबा आणायचा आणि घरीच अंधारात कापून रिकाम्या कॅसेटमध्ये भरायचा. छत्तीसचे अठरा-एक रोल निघायचे. इंदूपेक्षा हिचा दाणा मला बारीक वाटे. १९९० मध्ये जर्मनी एक झाली आणि तो रस्ता बंद झाला.

सोनाराचा काटा. डी-७६ डेव्हलपर तयार पुडीत मिळायचा, पण हौशी माणूस तो स्वतः बनवायचा. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. रसायनं मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला, कॅमेरे आणि दुरुस्ती बोरा बाजारात. दोन ग्रॅमला घरातला तराजू उपयोगाचा नाही, म्हणून काटा. क्रमही पाळावा लागे. आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी घातलं तर मेटॉल विरघळत नाही, अजिबात न घालता मेटॉल घातलं तर ते हवेने खराब होतं. मेटॉल हाताला लागून काहींच्या बोटांना खाज सुटायची आणि भेगा पडायच्या. त्यासाठी चिमटे होते, बांबूचे, टोकाला रबर लावलेले. डेव्हलपरचा चिमटा हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, गेला की दिवसभराचं काम बिघडायचं.

बर्फ. फिल्म धुवायला २० अंशांचं पाणी हवं. कल्याणच्या बाजूला नळाचं पाणी पौषातल्या पहाटे सोडल्या तर त्याच्या जवळपास नसतं. मे महिन्यात दुपारी टाकीतलं पाणी हाताला गरम लागतं. पाणी गरम झालं की डेव्हलपर घाईने काम करतो, तेवढ्यासाठी वेळ कमी करता येतो. पण फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. तो गरम पाण्यात फुगतो, मऊ पडतो, नख लागलं तरी सोलतो. डेव्हलपर गार आणि हायपो गरम असा फरक पडला तर थराला बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या कधीच जात नाहीत. म्हणून घमेल्यात पाणी, पाण्यात बर्फाच्या पिशव्या, त्यात सगळ्या बाटल्या एकत्र उभ्या. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो वितळून द्रावण पातळ होतं. उष्ण प्रदेशासाठी म्हणून पुस्तकांत आणखी एक उपाय दिलेला असे, डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचं. मग थर फुगत नाही. ती पुस्तकं इंग्लंड-अमेरिकेत लिहिलेली, आणि त्यातलं उष्ण प्रदेशाचं प्रकरण शेवटी, एक-दोन पानांचं. आपल्याकडे सगळं काम त्या दोन पानांवर चालायचं.

नळाला बांधलेलं मलमल. मोहन्याला उल्हास नदीतून पाणी उचललं जातं आणि शहराला पुरवलं जातं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की शुद्ध केलेल्या पाण्यातही बारीक कण येतात. प्यायला ते चालतं, ओल्या फिल्मला नाही. वाळल्यावर प्रत्येक कण निगेटिव्हवर चिकटून बसतो आणि मोठ्या केलेल्या फोटोत पांढरा ठिपका होऊन दिसतो. मलमल दुहेरी, दर आठवड्याला बदललेलं. शेवटचं खळबळणं उकळून गार केलेल्या पाण्यात.

पाण्याची वेळ. फोटोचा कागद तासभर तरी वाहत्या पाण्यात धुवावा लागे. हायपो कागदात राहिला तर काही वर्षांत फोटो पिवळा पडतो. पाणी ठरावीक वेळीच यायचं, म्हणून फोटो रात्री करायचे, साठवलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि पहाटे नळ आला की धुवायचे. धुणं पुरं झालं की नाही हे पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्याने कळे. कागदावरून निथळलेले थेंब त्यात पडले आणि जांभळा रंग उडाला तर हायपो शिल्लक आहे, पुन्हा धुवा. जुन्या अल्बममध्ये काही फोटो स्वच्छ आणि काही तपकिरी डागांचे दिसतात ना, त्यातला बराच फरक धुण्यातला असतो.

ग्लेझिंगची प्लेट. चकचकीत क्रोमचा पत्रा. ओला फोटो तोंड खाली करून त्यावर दाबायचा, वाळला की आपोआप सुटून चमकत खाली पडायचा.

सेपियाच्या दोन बाटल्या. याबद्दल मला जास्त लिहायचं आहे.

मोहन्याची ओळख म्हणजे एनआरसी, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. तिथे लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस रेयॉनचा धागा बनायचा. लगद्यातला सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून विरघळवायचा आणि बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा, की धागा तयार. फोटोची फिल्म याच घराण्यातली. तिचा पारदर्शक पट्टा म्हणजे सेल्युलोज अॅसिटेट. तोही कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजपासूनच होतो, फक्त रसायन वेगळं. साडीसाठी धागा बनवणाऱ्या गावातला माणूस कॅमेऱ्यात त्याच धाग्याची चुलतबहीण भरत होता.

व्हिस्कोस जगात कुठेही केलं तरी त्यातून थोडा हायड्रोजन सल्फाइड निघतो. त्या वायूने चांदी काळवंडते, आणि कृष्णधवल फोटो हा चांदीचाच असतो. जिलेटिनमध्ये अडकलेले चांदीचे बारीक कण, बाकी काही नाही. अशा हवेत फोटो टिकवायचा तर त्यावर एक जुना, खात्रीचा इलाज होता. पहिल्या बाटलीत पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ब्रोमाइड. त्यात फोटो घातला की चित्र फिकट होत जवळजवळ नाहीसं होतं. दुसऱ्या बाटलीत सोडियम सल्फाइड. त्यात घातला की चित्र परत येतं, पण काळं नाही, तपकिरी. आता त्यात चांदी राहिलेली नसते, सिल्व्हर सल्फाइड झालेलं असतं. हवेतला वायू चांदीचं जे करणार, ते आपणच आधी, नीट, सगळीकडे सारखं करून ठेवायचं. मग हवेला करायला काही उरत नाही. लोकांना सेपिया म्हणजे जुनेपणाचा रंग वाटतो. माझ्यासाठी तो टिकाऊपणाचा रंग आहे. सोडियम सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून हे काम गच्चीवर.

आजच्या फोटो सॉफ्टवेअरमध्ये सेपिया एका बटणावर मिळतो. रंग हुबेहूब येतो. मी डिजिटलवर फोटो काढतो आणि मनापासून काढतो. रॉ फाइलमधून सावलीतला जो तपशील उचलता येतो तो इंदूवर कधी मिळाला नसता. ग्रेडचा कागद निवडण्यात, सॉफ्ट की हार्ड, जी रात्र जायची ती आता स्लायडर सरकवण्यात वाचते. पण त्या वेळी मोहन्यात केलेल्या फोटोत मोहन्याचं पाणी आणि मोहन्याची हवा शिरलेली असायची, चांगल्या अर्थानेही आणि वाईटही. तो फोटो त्या गावीच झाला होता. आजची फाइल कुठेही उघडली तरी तीच असते, आणि मला त्यात काहीतरी कमी लागतं.

हायपोचा पिंप. न वापरलेली चांदी फिल्म आणि कागदातून हायपोत उतरते. मोठे स्टुडिओ जुना हायपो साठवून विकायचे. तो घेणारे त्यातून चांदी काढायचे. जुने एक्स-रे आणि निगेटिव्हही त्याच कारणाने विकले जायचे. घराण्यांचे फोटो वितळून चांदी झाली, हे वाक्य लिहिताना हात अडतो, पण ते झालेलं आहे.

कोडाक्रोम. रंगीत स्लाइडची फिल्म, १९३५ पासूनची. घरी धुता येत नसे, कारण रंग फिल्ममध्ये नसून धुताना घातले जायचे. जून २००९ मध्ये कोडॅकने ती बंद केल्याचं जाहीर केलं. कारखान्यातून निघालेल्या शेवटच्या रोलवर छायाचित्रकार स्टीव्ह मकरीने जे फोटो काढले, त्यात मुंबईतले चित्रपट कलावंतही आहेत. ती धुणारी जगातली शेवटची लॅब कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती. २०१०च्या अखेरीस तिनेही रोल घेणं थांबवलं.

त्याच २००९च्या नोव्हेंबरात एनआरसी बंद पडली.

एका तासात फोटो. मिनीलॅब. रंगीत रोल ३७.८ अंशांवर सव्वातीन मिनिटं डेव्हलप व्हायचा, यंत्र चुकत नसे. डार्करूमचं महत्त्व खरं तर मिनीलॅबनेच संपवलं, डिजिटलने नव्हे. दिवाळीनंतर काउंटरवर पाकिटांचा ढीग असायचा.

पिकासा. गूगलचं फुकट सॉफ्टवेअर. २००९ मध्येच त्यात चेहरे ओळखून नावं जोडायची सोय आली. कारखान्याच्या वसाहतीच्या स्कॅन केलेल्या फोटोंवर बसून शेजाऱ्यांची, स्पिनिंग खात्यातल्या माणसांची, गणपती मंडळातल्या पोरांची नावं जोडता येऊ लागली. मात्र ती नावं आपोआप फोटोच्या फाइलमध्ये जात नसत, संगणकावरच्या वेगळ्या यादीत राहत. २०१६ मध्ये गूगलने पिकासा बंद केलं. संगणक बदलला की फोटो पुढे जातात आणि नावं मागे राहतात.

फिल्म स्कॅनर. काच स्वच्छ, मोटर चालू, पण त्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. कितीतरी हौशी लोकांनी फक्त त्यासाठी जुना संगणक जपून ठेवला आहे.

पुरातला अल्बम. २६ जुलै २००५ ला उल्हासच्या काठच्या घरांत पाणी शिरलं आणि त्या दिवशी भिजलेले अल्बम अजून माळ्यावर आहेत. ओले फोटो एकमेकांवर वाळू दिले की जिलेटिन चिकटतं आणि सोडवताना चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीला निघून येतो. ते ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक अलग करायचे असतात. तेव्हा ते सांगणारं फारसं कुणी नव्हतं. पुन्हा पाणी आलं तर आता माहीत असावं.

निगेटिव्ह. सेल्युलोज अॅसिटेट आपल्या दमट हवेत कुजतो. त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि एक कुजलेली पट्टी शेजारच्या पट्ट्यांनाही लागते. मोहन्यातल्या, वडवलीतल्या, आंबिवलीतल्या घरांत बिस्किटांच्या डब्यांत निगेटिव्ह पडून आहेत. त्यांत कारखान्याची चिमणी आहे, कॉलनीतली स्नेहसंमेलनं आहेत, पाळी सुटल्यावरची गर्दी आहे, जी आता दुसरीकडे कुठे बघायला मिळणार नाही. त्या भंगारात देऊ नका. आंबट वास येणाऱ्या वेगळ्या काढा आणि आधी त्यांचेच फोटो घ्या. मोबाइलच्या पांढऱ्या पडद्यावर पट्टी थोडी उंच धरून चांगल्या कॅमेऱ्याने घेतला तरी चालतो. बाकीच्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून काढून साध्या कागदी पाकिटांत ठेवा, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. पाकिटावर पेन्सिलीने नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, आडनावांसकट. हे काम पुढच्या पावसाळ्यावर टाकू नका. निगेटिव्हना अजून काही वर्षं आहेत. पण त्यातली माणसं ओळखणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आधी त्यांच्याकडे जा.